पंधरा मिनिटं ऐकायला बसतो, पण यादी तीन मिनिटांत संपते. जागेचे आवाज बारकाईनं कसे ऐकायचे?

कानोसा

नमस्कार मंडळी. रोज कुठल्या तरी एका जागी पंधरा मिनिटं बसायचं आणि कानावर पडेल ते वहीत टिपायचं, असा नेम धरला आहे. कधी खोली, कधी जिना, कधी बसथांबा. अडचण अशी की दोन-तीन मिनिटांत "पंखा, गाड्या, फ्रीज, कुत्रा, वर कुणीतरी खुर्ची ओढली" एवढं लिहून होतं आणि पुढची बारा मिनिटं पेन नुसतं हातात राहतं.

दुसरी अडचण शब्दांची. निम्म्याहून जास्त नोंदींत 'खरखर' किंवा 'बारीक आवाज' एवढंच आहे. आठवड्यानं वाचलं तर त्यातून काही कळत नाही.

तिसरी, फोनवर रेकॉर्ड केलं की कानाला जे सुटं सुटं ऐकू आलं होतं त्याचा एकच राडा होऊन येतो. दोष फोनचा, जागेचा की पद्धतीचा? लगेच माइक विकत घ्यायचा विचार नाही, आधी कान तयार करायचे आहेत.

खर्ज

तुमची यादी नीट पाहा. त्यात एकही आवाज नाही, सगळ्या वस्तू आहेत. आवाज कशाचा ते कळलं की लक्ष तिथून उठतं, कारण एरवी कानाकडून आपल्याला तेवढंच हवं असतं: धोका आहे का, कुणी हाक मारतंय का. म्हणून पहिली दहा मिनिटं नामं लिहायचीच नाहीत. आवाज कसा आहे, कुठून येतो, किती वेळानं परततो, कसा संपतो एवढंच लिहा. कशाचा आहे ते शेवटच्या पाच मिनिटांत.

पंखाच घ्या. 'पंखा' म्हणून एका ओळीत मोडीत काढला त्यात निदान तीन आवाज आहेत. मोटरची सलग गुणगुण, पात्यांनी ढकललेल्या हवेचा फुसाटा, आणि बऱ्याचदा एक बारीक टिकटिक. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५ फेरे होतात आणि एका जागेवरून १५ पाती जातात. टिकटिक सेकंदाला ५ असेल तर फिरणाऱ्या भागात एकाच ठिकाणी काही सैल आहे, बहुधा एका पात्याचा स्क्रू. १५ असेल तर प्रत्येक पातं जाताना कशाला तरी हवा मारतं किंवा घासतं. सेकंदाला ५ ठोके कानानं मोजता येत नाहीत, पण टेबलावर बोटानं त्याच लयीत ताल धरता येतो. दर पाचव्या ठोक्यावर जोर द्या आणि दहा सेकंदांत जोराचे ठोके किती आले ते मोजा. १० आले तर सेकंदाला ५.

बसल्यावर क्रम असा ठेवा:

१. सगळ्यात लांबचा आवाज आधी शोधा. जवळचे आवाज लक्ष ओढून घेतातच, लांबचे शोधावे लागतात. पहिली तीन मिनिटं फक्त हे, वही बंद. पूर्ण शांतता आहे असं वाटलं तरी उठू नका. लांबचे आवाज सलग येत नाहीत, मधल्या फटींतून येतात.

२. मग मधलं अंतर, मग हातभर अंतर, मग स्वतःचं अंग: श्वास, गिळणं, कपड्याची सळसळ. कॉलर कानाला घासत असेल तर ते इथे सापडतं आणि पुढच्या वेळी कपडे बदलता येतात.

३. मग तळाचा आवाज. जो थांबतच नाही आणि म्हणूनच ऐकू येत नाही तो. कॅनडाचे संगीतकार आर. मरे शेफर यांनी सायमन फ्रेझर विद्यापीठात १९६० च्या दशकाच्या अखेरीस जागांच्या आवाजांचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यांनी आवाजांचे तीन गट पाडले: सतत तळाशी असणारा आधारस्वर, लक्ष वेधून घेणारे इशारे (हॉर्न, घंटा, भोंगा), आणि ज्यांच्यावरून ती जागाच ओळखावी अशा ध्वनिखुणा. वहीत तीन रकाने याच नावांनी करा. आधारस्वराचा रकाना सगळ्यात उशिरा भरतो आणि जागेबद्दल सगळ्यात जास्त तोच सांगतो.

आधारस्वर ऐकायचा सोपा उपाय म्हणजे तो गुणगुणून जुळवणं. ओठ मिटून 'म्' धरा, सूर हळूहळू सरकवा. जिथे तुमचा सूर खोलीत विरघळल्यासारखा वाटेल तिथे थांबा. घरात तो बहुतेकदा विजेचा सूर निघतो. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा (सेकंदाला ५० आवर्तनं) असेल तिथे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण १०० हर्ट्झला येते, ६० हर्ट्झचा असेल तिथे १२० ला, कारण गाभ्यातलं लोखंड विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोनदा किंचित ताणलं जातं.

फ्रीजमध्ये तर आणखी एक गोष्ट ऐकण्यासारखी आहे. साध्या कंप्रेसरची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला पूर्ण ३००० फेरे घेत नाही, भारामुळे थोडी मागे राहते. २९१० फेरे धरले तर ४८.५ हर्ट्झ, त्याची दुप्पट ९७. हा ९७ आणि विजेचा १०० एकत्र आले की सेकंदाला तीनदा आवाज फुगतो आणि ओसरतो. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आलेल्या असताना जे विस्पंद ऐकू येतात, तेच हे. इन्व्हर्टर फ्रीजमध्ये हे मिळणार नाही, त्याचा सूर भारानुसार चढतो-उतरतो.

४. शेवटी 'काय थांबलं' हा रकाना. कंप्रेसर बंद पडल्याक्षणी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते, कारण त्यानं झाकलेले आवाज उघडे पडतात. खालचे जोरकस सूर आपल्या वरच्या सुरांना जास्त झाकतात, उलट दिशेनं तेवढं होत नाही. त्यामुळे फ्रीज थांबल्यावर पहिल्या दहा सेकंदांत जे नवीन ऐकू येतं ते नेमकं टिपा. ते आधीही होतंच.

अनुस्वार

शब्दांच्या अडचणीपुरतं लिहितो. मराठीत यासाठी इतकी हत्यारं आहेत की एका 'खरखर'वर काम भागवणं म्हणजे नुकसान आहे. अनुकरणवाचक शब्द नुसते सजावटीचे नाहीत. त्यांतली व्यंजनं आणि स्वर आवाजाचा आकार बऱ्यापैकी नेमका पकडतात.

शेवटचं व्यंजन आवाज कसा संपतो ते सांगतं. 'टक' आणि 'टण' यांत सुरुवात एकच आहे, फरक शेपटीचा. 'क' तिथेच संपतो, 'ण' रेंगाळतो. पितळी भांड्यावर चमच्यानं हलकेच मारा: टण. भांड्याला तळहात लावून मारा: टक. हातानं भांड्याचं कंपन खाल्लं आणि शब्दाचं शेवटचं अक्षर बदललं. खणखण, ठणठण, घणघण, किणकिण, रुणझुण हे सगळे रेंगाळणारे.

'र' असलेले शब्द एकामागून एक बारीक धक्के सांगतात: करकर, घरघर, चरचर, किरकिर. बिजागरी करकरते तेव्हा लोखंड अडकतं-सुटतं, अडकतं-सुटतं. तो 'र' म्हणजे ते सुटणं. दार सावकाश ढकललं तर धक्के वेगळे ऐकू येतात, भरभर ढकललं तर त्यांचा सूर होतो.

'ळ' वाहत्या गोष्टींचा: खळखळ, झुळझुळ, भळभळ, सळसळ. यातही भेद आहे. खळखळीत पाणी हवा गिळतं, बुडबुडे असतात. झुळझुळीत जवळजवळ नसतात.

आणि स्वर. इ, अ, उ या क्रमानं सूर खाली जातो. किणकिण, खणखण, घुणघुण. किरकिर, करकर, कुरकुर. उच्चारताना तोंडाच्या पोकळीतच हे घडतं: 'ई' म्हणताना पोकळीचा एक घुमारा दोन हजार हर्ट्झच्या वर जातो, 'ऊ' म्हणताना तो हजाराच्या खाली येतो. म्हणून पडलेलं नाणं 'किण' आणि पडलेलं भांडं 'खण'.

शब्द सापडला नाही तर बनवा. वहीत 'फ्सट्' लिहायला काहीच हरकत नाही. आधी तोंडानं आवाजाची नक्कल करा, मग जे तोंडातून निघालं तेच लिहा. पूर्ण नोंद अशी दिसावी:

"ठक… ठक-ठक. उजवीकडे मागे, भिंतीपलीकडे. कोरडा, शेपूट नाही. दोन सेकंदांना एकदा, मध्येच जोडी. ४० सेकंदांनी बंद, बंद होण्याआधी हळू झाला नाही."

'हळू झाला नाही' हे शेवटचं निरीक्षण फार कामाचं. यंत्राचा आवाज बहुतेक वेळा मंदावत थांबतो, हाताचा एकदम.

फिरता माइक

राडा होण्याची कारणं दोन आहेत, दोन्ही उपायांसकट सांगतो.

पहिलं, तुम्हाला दोन कान आहेत. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानापर्यंत जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि डोकं आडवं आल्यामुळे वरचे सूर तिथे मंद होतात. एवढ्या फरकावर मेंदू आवाज सुटे करतो. एका माइकनं घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हा फरकच नाही, सगळे आवाज एकाच भोकातून येतात. तेव्हा जागेतला जमाव एका फोनकडून मागू नका. एका वेळी एकच आवाज आणि तोही जवळून घ्या. उघड्यावर अंतर निम्मं केलं की आवाज सुमारे ६ डेसिबल वाढतो, पाठीमागचा गोंगाट तेवढाच राहतो.

दुसरं, फोन बोलणं टिपण्यासाठी बनलेला आहे. सलग आवाज म्हणजे कचरा असं धरून तो ते कापतो, आणि शांतता झाली की गेन, म्हणजे आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण, आपोआप वाढवतो. म्हणून पंखा येतो-जातो आणि मध्येच खरखर वर येते. डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता ठेवणाऱ्या स्वरूपात साठवणारं आणि आवाजावरची प्रक्रिया बंद करता येणारं अ‍ॅप वापरा. सेटिंगमध्ये 'अनप्रोसेस्ड' किंवा 'रॉ' असा पर्याय शोधा.

मांडणी: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट (सेकंदाला ४८ हजार नमुने, प्रत्येक २४ बिटांचा). दोन चॅनेलला मिनिटाला सुमारे १७ एमबी जागा लागते, तासाला एक जीबीच्या थोडी वर. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास राहील. शून्याला लागला की आवाज फाटतो आणि नंतर दुरुस्त होत नाही. फोन एअरप्लेन मोडवर. हातात धरू नका, बोटं हलली की ढगांच्या गडगडाटासारखं येतं. घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, म्हणजे टेबलाची कंपनं वर येणार नाहीत.

वारा हा सगळ्यात मोठा शत्रू. झुळूक कानाला जाणवतही नाही, पण माइकचा पडदा तिच्यानं ढवळून निघतो. स्पंजची टोपी घरात पुरते, उघड्यावर केसाळ कापडाची लागते. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारी सोय असेल तर चालू ठेवा, पण ती टोपीच्या ऐवजी नाही. पडदा एकदा ओव्हरलोड झाला की फिल्टर काही परत आणू शकत नाही.

बटण दाबल्यावर तारीख, वेळ, जागा, माइकचं तोंड कुणीकडे, हवा कशी, हे बोलून ठेवा. मग दहा सेकंद स्तब्ध. किमान पाच मिनिटं चालू द्या, कारण पहिली दोन मिनिटं तुमच्या येण्यानं बिघडलेली असतात. पक्षी, बेडूक, रातकिडे माणूस जवळ आला की गप्प होतात. शक्य तर फोन ठेवून पाच-सहा मीटर बाजूला जा. अनोळखी लोकांचं बोलणं ओळखू येईल असं टिपलं गेलं तर ते पुसा किंवा स्वतःपुरतं ठेवा, कुठे टाकू नका.

पुढे माइक घेतलाच तर एकच आकडा आधी पाहा: माइकची स्वतःची खरखर. शांत जागांसाठी तो १५ डीबी(ए), म्हणजे कानाला जुळवून मोजलेल्या डेसिबलच्या आसपास किंवा कमी हवा. २० च्या वर गेला की रात्रीच्या खोलीत तुम्ही खोली कमी आणि माइक जास्त ऐकता.

घरी आल्यावर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी कोणते सूर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडा. सलग सुरांसाठी विंडो (एका वेळी तपासायच्या तुकड्याची लांबी) ८१९२ ठेवा, म्हणजे जवळजवळचे सूर वेगळे दिसतात. टिकटिक, थेंब, ठोके यांसाठी १०२४ किंवा त्याहून कमी, म्हणजे वेळ नेमकी दिसते. दोन्ही एकदम मिळत नाही. आणि हे वहीतली नोंद पूर्ण झाल्यावरच. चित्र आधी पाहिलं की डोळा कानाला शिकवायला लागतो.

कानोसा

सगळ्यांचे आभार. नामं बंद केल्यावर पानं भरायला लागली. आता तीन गोष्टी अडल्या आहेत. एक, काही रात्री लांबची रेल्वे अगदी जवळ आल्यासारखी ऐकू येते, काही रात्री अजिबात नाही. दोन, खोलीत एक फार बारीक 'ईऽ' असा सूर आहे, त्याची दिशाच सापडत नाही. तीन, डेसिबल मोजणाऱ्या अ‍ॅपचे आकडे नोंदीत लिहू का?

खर्ज

रेल्वेचं कारण हवेचे थर. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार होते आणि वरची तुलनेनं उबदार राहते. ध्वनीचा वेग ० अंशाला सेकंदाला ३३१ मीटर, २० अंशाला ३४३. वरच्या उबदार हवेत लाट पुढे पळते, त्यामुळे ती वाकून पुन्हा जमिनीकडे येते. दुपारी उलटं होतं: जमीन तापलेली, लाट वर वाकते आणि लांबचा आवाज डोक्यावरून निघून जातो. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री हे थर बसत नाहीत. शिवाय वारा रेल्वेकडून तुमच्याकडे वाहत असला तरी आवाज खाली वाकतो. नोंदीत आकाश आणि वाऱ्याची दिशा लिहायला लागा, पंधरवड्यात मेळ दिसेल.

बारीक सूर मोठेपणावरून शोधू नका, फसाल. ८००० हर्ट्झची लाट जेमतेम ४.३ सेंटिमीटर लांब असते. भिंतींवरून परतलेल्या लाटा एकमेकींत मिसळून खोलीभर जोराच्या आणि मंद जागा तयार होतात, एकीपासून दुसरी सेंटिमीटरभरावर. डोकं किंचित हललं की सूर वाढतो किंवा गायब होतो. चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, टीव्हीचा पुरवठा यांचे प्लग एकेक करून काढा, नुसतं बटण बंद करू नका. प्रत्येक प्लगनंतर वीस सेकंद थांबा.

सगळं काढूनही सूर तसाच राहिला तर डोकं सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. बाहेरचा सूर डोक्याबरोबर बदलतो, कानातला बदलत नाही. कानातलाच असेल, आणि एकाच कानात असेल किंवा ऐकू कमी येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. नव्यानं, अचानक ऐकू कमी आलं असेल तर त्याच दिवशी दाखवा, तिथे उशीर महागात पडतो.

फिरता माइक

अ‍ॅपच्या आकड्याबद्दल. फोनचा माइक प्रमाणित केलेला नसतो, त्यामुळे '४२ डीबी' हा आकडा स्वतंत्रपणे लिहिण्यात अर्थ नाही. त्याच फोननं, त्याच जागी, सकाळ-संध्याकाळचा फरक लिहायला चालेल. दुसरं, बहुतेक अ‍ॅप 'ए' भारांकन लावतात, म्हणजे कानाला कमी जाणवणारे खालचे सूर मोजताना कमी धरतात. त्यात १०० हर्ट्झवर सुमारे १९ डीबी आणि ५० हर्ट्झवर सुमारे ३० डीबी वजा होतात. खर्ज यांनी सांगितलेला आधारस्वर त्या आकड्यातून जवळजवळ पुसला जातो. ट्रान्सफॉर्मरनं हैराण झालेल्या माणसाला मीटर 'शांत' सांगतो त्याचं एक कारण हेच.

एका कामाला मात्र आकडा वापरा: कान सांभाळायला. ८५ डीबी(ए)ला दिवसाला आठ तास ही कामाच्या जागांसाठी शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि दर ३ डीबीला वेळ निम्मा होतो. ९४ ला एकच तास. ऐकायला बसण्याआधी अशा जागेतून आलात तर कान काही काळ बोथट असतात, त्या दिवशीची नोंद वेगळी ठेवा.

ओंजळ

जागा कशी आहे ते टाळीवरून कळतं, तेही वहीत असावं. एकच कोरडी टाळी वाजवा आणि नंतरचं ऐका. समोरासमोर उघड्या भिंती ३ मीटरवर असतील तर आवाजाची एक खेप ६ मीटरची, सेकंदाला सुमारे ५७ खेपा, म्हणून टाळीमागे 'टर्र' असं येतं. पडदा लावला की ते जातं. मोकळ्या जागी भिंत १७ मीटरवर असेल तर प्रतिध्वनी ०.१ सेकंदानं, स्वच्छ सुटा. रस्त्यावर हॉर्न वाजवत ताशी ६० किलोमीटरनं गेलेल्या गाडीचा सूर समोरून जाताना 'रे'वरून 'सा'कडे घसरल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात त्याहून किंचित कमी. पेटी असेल तर ताडून पाहा.

पण तुमच्यासारख्यांनी सुरुवात नळाच्या थेंबानं करावी असं वाटतं. भरलेली बादली, वर ठिबकणारा नळ, दार बंद. आपल्याला 'टप' असा एक आवाज वाटतो, पण ते दोन आहेत. थेंब आपटतो तेव्हा फार मंद 'त्', आणि त्यानंतर निमिषभरानं मोठा, सुरेल 'प्लिंक'. पहिला जवळजवळ कुणालाच ऐकू येत नाही. थेंब पाण्यात खड्डा करतो, खड्डा वर उसळून मिटताना तळाशी एक हवेचा बुडबुडा अडकतो, आणि तो बुडबुडा कंप पावतो म्हणून सूर. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अतिवेगवान कॅमेरा आणि पाण्यातला माइक लावून दाखवलं की बुडबुड्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग हलतो आणि त्यातून तो आवाज हवेत येतो. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३३०० हर्ट्झला वाजतो, २ मिलिमीटरचा त्याच्या निम्म्याला, म्हणजे एक सप्तक खाली.

बादलीत भांडी घासायच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाका आणि ढवळून पाणी स्थिर होऊ द्या. पृष्ठताण घटतो, बुडबुडा अडकत नाही, 'प्लिंक' जातो आणि मागे उरतो तो फक्त 'त्'. आता तो ऐकू येतो. मग बादली बदला, साधं पाणी घ्या, आणि बादलीखाली एकेक वीट ठेवून थेंबाची उंची कमी करत जा. प्रत्येक उंचीला वीस थेंब मोजा आणि त्यांतल्या कितींना सूर आला ते लिहा. काही उंचींवर जवळजवळ प्रत्येक थेंब वाजतो, काहींवर एखादाच. नळ शक्य तेवढा सावकाश ठेवा, तीन सेकंदांना एक थेंब. त्याहून भरभर पडले तर आधीच्या थेंबाच्या लाटा पुढच्याचा खड्डा बिघडवतात आणि मोजणी फुकट जाते.